रविवारी सकाळी साडेनऊ वाजता

आमच्या गावात पहिला टीव्ही आला तो गलाईच्या पैशातून, आणि आमच्या वर्गातली निम्मी पोरं गावातून गेली तीही गलाईलाच. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा. पाऊस बेभरवशाचा, विहिरी खोल आणि तळाला खडक, त्यामुळं घरटी एक तरी माणूस परमुलखात. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं ते फार पुढं. आमच्या लहानपणी गावात पैसा यायचा तो मनीऑर्डरनं, नाहीतर यात्रेला आलेल्या माणसाच्या कंबरेच्या कशातून.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ च्या २ ऑक्टोबरला. पुढच्या वर्षी सिंहगडावरून ते पुण्याला दिसू लागलं. आमच्या माळावर पोचायला त्याला आणखी दहाएक वर्षं लागली. खालच्या आळीतले एक शेठ, ज्यांचं तमिळनाडूत दुकान होतं, त्यांनी लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट संच आणला. त्या वेळी टीव्हीला रेडिओसारखं लायसन लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरायची. शेठ वर्षातले अकरा महिने परगावी, म्हणजे फी भरायचे म्हातारे वडील आणि बघायचा सगळा गाव. शटरला कुलूप असायचं. किल्ली आजीच्या कमरेला. आजीची मर्जी सांभाळणं हा आमच्या शालेय जीवनातला सगळ्यात अवघड विषय होता; गणित त्या मानानं सोपं.

सिंहगड लांब. अँटेना लावला होता उंच लोखंडी पाइपावर, आणि तो पाइप वाऱ्यानं फिरायचा. मग आमच्यातला एक जण माळवदावर चढायचा. याला अख्खी शाळा आजही 'अँटेना' म्हणूनच ओळखते. दुसरा अंगणात उभा, तिसरा आत टीव्हीसमोर. माळवदावरून आरोळी, "आलं का रं?" अंगणातला आत तोंड करून, "आलं का?" आतला, "मुंग्याच हायत्या अजून!" अंगणातला वर बघून, "मुंग्याच हायत्या!" पाइप बोटभर फिरायचा. "आलं, आलं! गेलं की! मागं घे, मागं!" शेवटी बातम्यांमधला चेहरा स्थिर झाला की आतून हुकूम सुटायचा, "तसंच धर, हलू नगंस." बिचाऱ्या अँटेनानं त्या काळातले कित्येक कार्यक्रम नुसते ऐकलेत. दूरदर्शनच्या 'गजरा' या मराठी कार्यक्रमात काय असायचं ते तो अजूनही आवाजावरूनच सांगतो.

लाइटीचा भरवसा नव्हता. दुसरा टीव्ही आला तो चौदा इंची, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, आणि बॅटरी असायची वर्गातल्या एका मित्राच्या घरच्या ट्रॅक्टरची. त्याचं नाव काय पडलं असेल ते सांगायला नको. शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी. बॅटरी उतरत आली की चित्र चारी बाजूंनी आक्रसायला लागायचं. हिरो-हिरॉइनची भेट कधीकधी पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नसे आणि मित्राच्या पाठीत रट्टे बसत.

१९८४ च्या जुलैत 'हम लोग' ही हिंदी मालिका सुरू झाली. आमच्या हिंदीच्या सरांना टीव्हीचा राग नव्हता, ही त्या काळात नवलाचीच गोष्ट. ते फळ्यावर लिहायचे, 'कल की कड़ी का सारांश, दस पंक्तियाँ.' ज्यांना आजीनं आत घेतलं नसेल ते मधल्या सुट्टीत दुसऱ्यांना लिमलेटच्या गोळ्या देऊन गोष्ट विचारून घ्यायचे. पुढं आमच्यातला एक कानपूरला गेला. सराफ बाजारात पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडून 'हम लोग'च्या शेवटी बोलणाऱ्या अशोककुमारच्या थाटातलं हिंदी ऐकून गिऱ्हाइकं हसत होती म्हणे. पण माल त्यालाच द्यायची.

त्याच वर्षी इंदिरा गांधींचा अंत्यविधी दाखवला, तेव्हा शेठच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या, आमचे सर मागं भिंतीला टेकून उभे. त्या दिवशी आजीनं कुणालाही चपला कुठं काढल्या म्हणून विचारलं नाही.

आता जाण्याबद्दल. नववी झाली की घरात हिशेब सुरू व्हायचा: थोरला कुणाकडं गेलाय, धाकट्याला कोण नेईल. कुणी दुकानदार गावाला आला की जाताना दोन-तीन पोरं घेऊन जायचा, तशी रीतच होती. हजेरीपटात एका रेघेवर 'शाळा सोडली' एवढाच शेरा पडायचा. त्या विरोधात आमचे भूगोलाचे सर एकटे लढायचे. संध्याकाळी सायकल काढून मुलाच्या घरी जायचे, ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे नाहीत. "मार्चची परीक्षा होऊ द्या, मग न्या. दहावी पास असला तर टंचाचा हिशेब तरी नीट करंल," हा त्यांचा मुद्दा. टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. शिक्षणाचं महत्त्व वगैरे त्यांनी कधी काढलं नाही. समोरच्याला धंद्याची भाषा कळते हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या घरी ते येऊन गेले म्हणून मी १९८६ ची दहावी दिली. सगळ्यांच्या घरी त्यांचं चाललं नाही.

निकाल लागला आणि मी त्रिशूरला निघालो. विट्याहून एसटीनं मिरज, मिरजेहून मीटरगेजची छोटी गाडी बंगळूरपर्यंत, तिथून आयलंड एक्स्प्रेस. सोबत ट्रंक, वळकटी, धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. मला नेणारे दुकानदार शेजारच्या गावचे, नात्यानं लांबचे मामा. सगळ्या वाटेत ते एकच सांगत राहिले: दुकानात पडलेलं काहीही फुंकर मारून उडवायचं नाही.

त्याचा अर्थ तिथं गेल्यावर कळला. सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा आम्ही विकत घेत असू. त्या मातीत कानशीचा कीस असतो, ती धुऊन-आटवून त्यातलं सोनं काढायचं. नव्या पोराचं काम म्हणजे झाडणं, माती धुणं आणि भट्टी सांभाळणं. वर्षभरानं मूस, म्हणजे सोनं आटवायचं भांडं, धरायला मिळायची. जुन्या दागिन्यात चांदी मिसळून ते आटवायचं, पत्रे करायचे आणि नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. तांबूस पिवळा धूर निघतो, तो चुकून नाकात गेला तर छाती दोन दिवस जळते. चांदी, तांबं ॲसिडमध्ये विरघळतं आणि तळाला सोनं राहतं. पण ते सोनं म्हणून कुणी ओळखणार नाही. कॉफीच्या चोथ्यासारखी तपकिरी माती दिसते. ती धुवायची, वाळवायची, टाकणखार घालून पुन्हा मुशीत टाकायची आणि मग एका क्षणी आतलं सगळं गोळा होऊन लखलखतं. ते बघायला मी आजही थांबतो. ॲसिडनं बोटांची कातडी पिवळी पडते. परमुलखात रेल्वे स्टेशनवर कुणाची बोटं पिवळी दिसली की आम्ही खुशाल मराठीत विचारायचो, "कंचं गाव?"

भाषा येत नव्हती, भात तिन्ही त्रिकाळ, आणि घरचं पत्र यायला आठवडा लागायचा. फोनचा तर प्रश्नच नव्हता. तशात १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊ. आमच्या गल्लीतल्या एका सोनाराकडं टीव्ही होता, मल्याळी माणूस, हिंदी आमच्याहून कच्चं. पण आम्हाला बोलावून पुढं बसवायचा आणि मध्येमध्ये अर्थ विचारायचा. दूरदर्शनच्या हिंदीतलं आम्हाला कळायचं त्याच्या निम्मं आम्ही हातवाऱ्यांनी त्याला सांगायचो. 'हम लोग'वरच्या त्या दहा ओळी अशा कामाला आल्या.

त्या पाऊण तासात मला गावाची आठवण यायची नाही, उलट मी गावातच असायचो. चॅनल एकच. म्हणजे जे मी बघतोय तेच आत्ता, याच घडीला, शेठच्या अंगणात चाललंय. आई कुठं बसली असेल, बहीण कुणाच्या मांडीला टेकली असेल, अँटेनाच्या धाकट्या भावाला आता माळवदावर चढवलं असेल, हे सगळं मला दिसायचं. आठवड्यातला बाकीचा वेळ घर कुठं आहे, काय करतंय, काही पत्ता नसायचा. अलीकडं दसऱ्याला आम्ही जुने मित्र विट्याच्या पालख्यांची शर्यत बघून चहाला बसलो, तेव्हा हे बोललो. तर कानपूरवाला म्हणाला, त्याचंही तसंच होतं. गुवाहाटीवालाही तेच म्हणाला. एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं, एवढंच.

बहिणीची त्या वेळची पत्रं मी ठेवलीत. आई सांगायची, ती लिहायची. एकात मजकूर असा: 'पाऊस नाही. म्हैस व्याली. मागच्या रविवारी लक्ष्मणाला शक्ती लागली आणि लाइट गेली, बॅटरी पण उतरलेली. हनुमान वेळेवर पोचला का ते उलट टपाली कळव.' जसं काही आमच्या घरात रामायण कुणाला ठाऊकच नव्हतं! आणि मीही शहाणा, आंतरदेशीय पत्राची एक अख्खी बाजू भरून हनुमान पोचल्याचं कळवलं. पत्र घरी पोचेपर्यंत तिथं बरंच काही होऊन गेलं असणार.

टीव्हीनं घरच्यांना घोरही लावला. १९८८ च्या ८ जुलैला आयलंड एक्स्प्रेसचे डबे पेरुमणच्या पुलावरून अष्टमुडी तलावात कोसळले. शंभरावर माणसं गेली. आईला केरळ, बंगळूर आणि आयलंड एवढं ऐकू आलं. पेरुमण हे त्रिशूरच्या किती पुढं, कोल्लमजवळ, हे तिला कुठून कळणार? मी गाडीत असण्याचं काही कारणही नव्हतं. भूगोलाच्या सरांकडं माणूस गेला. सरांनी शाळेतला गुंडाळीचा नकाशा घरी आणून आईसमोर उलगडला, त्रिशूरवर बोट ठेवलं, पेरुमणवर ठेवलं, मधलं अंतर दाखवलं. ती ऐकून घेत होती, पण तार आल्यावरच जेवली.

दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट लागायचे, खाली इंग्रजी अक्षरं. आज बंगाली, पुढं कधी उडिया, अशी भाषांची पाळी. मराठीची पाळी आली की त्रिशूरमधली गलाईची सगळी पोरं एका खोलीत. एकदा आम्ही सकाळपासून मटण शिजवलं, भाकरीसाठी ज्वारीचं पीठ गावाहून आलेलं राखून ठेवलेलं. पिक्चर सुरू झाला. एक माणूस चालतोय. चालतोय. विहिरीजवळ थांबला. विहिरीत बघतोय. महिनोन्‌महिने मराठी ऐकायला आसुसलेले आम्ही, आणि पडद्यावरची माणसं तोंड उघडायचं नाव घेईनात! मामा शेवटी वैतागून टीव्हीला म्हणाले, "बोल की लेका, कशाला लाजतुयास?" पण उठून कुणी गेलं नाही. कुणीतरी "ए आई" असं दोनदा म्हटलं, तेवढ्यावर आम्ही भागवलं.

पुढं डिश आली, मराठी वाहिन्या आल्या. आता माझ्या त्रिशूरच्या घरात चोवीस तास मराठी बोलतं आणि नातवंडं मोबाइलवर भलतंच काही बघतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांची मल्याळी माझ्या मराठीहून चांगली आहे.

आमच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी सुटायची, ती वर्गातल्या एका मैत्रिणीनं परवा सुनावली. ती लुधियान्यात असते, नवऱ्याचं गलाईचं दुकान. म्हणाली, "तुम्ही गाव सोडल्याचं कौतिक सांगता, तुमच्याबरोबर दुकानदार मामा तरी होता. मला लग्नात बघितलेला माणूस आणि पंजाबची थंडी, एवढंच होतं." यावर अँटेनासकट सगळे गप्प. तिचं खरंच आहे. तिच्या नावापुढं तर 'शाळा सोडली' असा शेरासुद्धा नाही. दहावीला पहिल्या पाचात होती ती.

या स्मरणिकेत शाळेचे डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी यांची यादी आहे आणि ती असायलाच हवी. पण सभागृहाच्या कोनशिलेवरची देणगीदारांची नावं वाचली तर त्यातली बरीचशी याच शाळेत नववीपर्यंतच टिकली होती. ती माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नाहीत, कारण यादी शालान्त परीक्षेच्या निकालावरून केलेली आहे. मुख्याध्यापकांशी बोललो. त्यांनी जुने हजेरीपट काढून द्यायचं कबूल केलंय. दिवाळीनंतर मी, अँटेना आणि बॅटरी शाळेच्या कार्यालयात बसून १९८० ते १९९० मधली 'शाळा सोडली' शेऱ्याची नावं उतरवणार आहोत. ज्यांच्याकडं पत्ते असतील त्यांनी शाळेत कळवावेत. दक्षिणेकडचे बरेच मिळालेत. आसाम, बंगाल आणि बिहारकडचे फारच थोडे आहेत, आणि मुलींची लग्नानंतरची आडनावं कुणी सांगितली तर फार उपकार होतील.