तुम्ही विचारलंत म्हणून: जावयाचा स्कॉटिश पूर्वज कोणत्या जहाजाने आला?

पुण्याहून, नाशिकहून, कधी न्यू जर्सीहून फोन येतो आणि प्रश्न बहुतेक एकच असतो. मुलीने अमेरिकन मुलाशी लग्न केलेलं असतं, नातवंडं झालेली असतात. आपल्या बाजूचा कुलवृत्तांत कपाटात असतो आणि दुसऱ्या बाजूचं पान कोरं. "जावयाचं घराणं मूळचं स्कॉटलंडचं. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधीच आलेलं, असं म्हणतात. पहिला पुरुष कोणत्या जहाजाने आला, ते कुठे बघायचं?" मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. माझं सासरही असंच, केप फिअर नदीकाठच्या हायलँडर लोकांचं, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून आलेल्यांचं. सासूबाईंनी जपलेल्या कागदांवरून मी या शोधात शिरले आणि रमले, म्हणून लोक मला विचारतात.

तर आधी हेच सांगते, की जहाजापासून सुरुवात करू नका. अमेरिकेत उतरणाऱ्या प्रवाशांच्या याद्या सरकारने नियमाने घ्यायला सुरुवात केली ती १८२० साली. त्याआधीच्या जर्मन लोकांची नावं पेन्सिल्व्हेनियात १७२७ पासून मिळतात, कारण ते परके होते आणि त्यांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. स्कॉट माणूस मुळात त्याच राजाची प्रजा. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाल्यावर तर ग्लासगोहून व्हर्जिनियाला जाणं म्हणजे आपल्याच राज्यातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणं. त्याचं नाव लिहून ठेवायचं कुणाला कारणच नव्हतं.

ज्या थोड्या याद्या उरल्या, त्या का उरल्या हे पाहिलं की मन खिन्न होतं. १६५१ साली इंग्लंडमधल्या वूस्टरच्या लढाईत इंग्लिश सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याने पकडलेले स्कॉट कैदी 'जॉन अँड सारा' या जहाजातून बोस्टनला पाठवले. त्यांच्या नावांची यादी आजही आहे, कारण ती माणसं विकायला पाठवली होती आणि मालाची नोंद ठेवावी लागते. आदल्या वर्षी स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत पकडलेल्यांपैकी काहीजण मॅसॅच्युसेट्समधल्या सॉगसच्या लोखंडाच्या कारखान्यात आणि मेनच्या लाकूड गिरण्यांत राबले. त्यांची नावं जहाजाच्या नाही, कारखान्याच्या हिशेबात आणि गावच्या दप्तरात शोधावी लागतात.

दुसरा अपवाद १७७३ ते १७७६ या वर्षांचा. इतके लोक देश सोडू लागले की सरकार धास्तावलं आणि बंदरांवरच्या कस्टम अधिकाऱ्यांना हुकूम गेला, की जाणाऱ्याचं नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि जाण्याचं कारण लिहून घ्या. यातले वाचलेले कागद लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. त्यातला एक जबाब मी कधी विसरणार नाही. १७७४ साली 'बॅचलर' नावाचं जहाज विल्मिंग्टनला, म्हणजे आमच्याच नॉर्थ कॅरोलायनाला यायला निघालं आणि वादळाने शेटलंड बेटांवर अडकलं. तिथे प्रवाशांना एकेक करून विचारलं गेलं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या सदरलँडमधल्या क्लाइन पॅरिशचा (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) विल्यम गॉर्डन, साठी उलटलेला शेतकरी. त्याचे दोन मुलगे आधीच कॅरोलायनात होते आणि या म्हणून लिहीत होते. ज्या जमिनीला त्याचा आजा आठ मर्क (जुनं स्कॉटिश नाणं) खंड भरत असे, तिला त्याला साठ भरावे लागत होते. तो म्हणाला, मी निघालो ते मुलांच्या भल्यासाठी. मी म्हातारा, पायाने अधू, मला कुठल्या देशात मरण येतं याने काही फरक पडत नाही. एका शेतकऱ्याचं बोलणं, कुणा कारकुनाने इंग्रजीत उतरवलेलं, अडीचशे वर्षांनी माझ्यासमोर होतं आणि मला पुढचं पान उलटवेना.

हा जबाब मी मुद्दाम सांगते. जवळजवळ प्रत्येक घरात एक कथा असते, की आमचा पूर्वज कलोडनच्या लढाईत लढला आणि हरल्यावर हद्दपार झाला. १७४६ साली राजाविरुद्ध उठलेले हायलँडर तिथे हरले आणि त्या लढाईनंतर शेकडो लोकांना वसाहतींत पाठवलं हे खरं आहे. पण नॉर्थ कॅरोलायनात आलेले बहुसंख्य हायलँडर आपल्या पायांनी आले. वाढता खंड, गुरांचे पडलेले भाव आणि आधी गेलेल्या भावाची पत्रं, ही त्यांची कारणं. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या अर्गाईल परगण्यातून साडेतीनशेच्या आसपास माणसांची पहिली मोठी तुकडी इथे आली ती १७३९ साली, कलोडनच्या सात वर्षं आधी. गव्हर्नर गॅब्रिएल जॉन्स्टन स्वतः स्कॉट होता. चाळीस किंवा अधिक लोकांनी एकत्र यावं, दहा वर्षं कर माफ, असा ठराव विधानसभेने केला. तलवारीची कथा ऐकायला छान वाटते, पण खंडाची कथा जास्त खरी आहे आणि तिच्यात कमी धैर्य नाही.

'चाळीस जण एकत्र' हे शब्द लक्षात ठेवा, सगळी किल्ली तिथे आहे. हे लोक एकटे आले नाहीत. जुरा, आयला, किंटायर, पुढे स्काय अशा एकेका ठिकाणाहून भावकी, सोयरे, शेजारी मिळून आले आणि इथेही एकाच ओढ्याकाठी वसले. म्हणून ज्याचा शोध घेताय त्याच्याबद्दल काही मिळत नसेल, तर शेजाऱ्याचा शोध घ्या. जमिनीची कागदपत्रं इथे सोन्याहून मोलाची आहेत. माणशी पन्नास एकर या हिशेबाने जमीन मिळे, त्यामुळे अर्जावरून घरात किती डोकी होती ते कळतं. मग मोजणीचा नकाशा. त्याच्या कोपऱ्यात मोजणीची साखळी धरणाऱ्या दोघांची नावं असतात आणि ते फार वेळा मुलगा, मेहुणा किंवा बांधाला बांध असलेला शेतकरी असतात. माझ्या सासरच्या एका पिढीतल्या बाईचं माहेर मला असं मिळालं: दोन वेगवेगळ्या मोजण्यांत साखळी धरणारा माणूस एकच, आणि पुढे त्याच्या मृत्युपत्रात ती 'माझी बहीण' म्हणून आलेली.

नावांकडेही नीट बघा. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजवावं लागत नाही. पण सगळी घरं हा रिवाज पाळत नसत, तेव्हा तो पुरावा म्हणून नको, खूण म्हणून वापरा. आणि या रिवाजामुळेच एका कौंटीत (म्हणजे इथल्या जिल्ह्यात) एका वेळी पाच-सहा आर्चिबाल्ड मॅकनील निघतात. लोकच मग टोपणनावं देत. नदीच्या कड्यापाशी राहणारा हेक्टर मॅकनील 'ब्लफ हेक्टर' झाला.

स्वातंत्र्ययुद्धात इथले पुष्कळ हायलँडर राजाच्या बाजूने लढले आणि २७ फेब्रुवारी १७७६ रोजी मूअर्स क्रीकच्या पुलापाशी हरले. त्यातल्या अनेकांनी पुढे लंडनला नुकसानभरपाईचे दावे केले. मी कुठे जन्मलो, कधी अमेरिकेत आलो, किती जमीन गेली, हे त्यांत सापडतं. हरलेल्यांचे कागद लोक पाहत नाहीत, तुम्ही जरूर पाहा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. मृत्युपत्रं वाचाल तेव्हा गुरं, भांडी, अंथरुणं यांच्याच यादीत माणसं दिसतील, फक्त पहिल्या नावाने. खंडाला कंटाळून आलेल्या याच लोकांपैकी अनेकांनी इथे गुलाम ठेवले. तुमच्या नातवंडांच्या वंशावळीसाठी जे पान तुम्ही उघडाल, त्याच पानात दुसऱ्या कुणाला आपल्या पणजीच्या पणजीचं नाव शोधायचं असतं आणि त्यांच्यासाठी दुसरं पान बहुधा नसतंच. ती नावं वगळू नका. उतरवून घ्या, तारखेसकट, मालकाच्या नावासकट, आणि कुणी विचारलं तर द्या.

एवढं झाल्यावर स्कॉटलंड. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे जाऊन नुसतं 'कुलकर्णी' म्हटलं तर वही निघत नाही, गाव सांगावं लागतं. तिथेही तसंच, पॅरिश सांगावी लागते. सुमारे ९०० पॅरिशची जुनी रजिस्टरं 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. सर्वांत जुनं एरलचं, १५५३ चं. पण हायलँड्समधली अनेक रजिस्टरं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू होतात. १७३९ मध्ये निघालेल्या माणसाचा बाप्तिस्मा त्यात नसण्याचीच शक्यता जास्त. आणि सगळ्यात मोठा धोका इथेच आहे: त्याच नावाचा, त्याच सुमाराचा एक डंकन कॅम्पबेल सापडतो आणि लोक त्याला आपल्या झाडाला लावून मोकळे होतात. तो कदाचित आयुष्यभर तिथेच राहिला, तिथेच पुरला गेला. कुणा परक्याचे आईबाप नातवंडांच्या माथी मारण्यापेक्षा 'अर्गाईल, पॅरिश अज्ञात' असं लिहिलेलं मला शतपटीने आवडतं. कुळाचं चिन्ह आणि टार्टन, म्हणजे कुळाचं म्हणून विकलं जाणारं चौकड्यांचं कापड, विकत घेऊन तर काहीच सिद्ध होत नाही. कुळप्रमुखाच्या जमिनीवर राहणाऱ्या कितीतरी लोकांनी त्याचंच आडनाव लावलं, रक्ताचं नातं नसतानाही.

एक शक्यता आधीच तपासा. घराणं पेन्सिल्व्हेनियातून शेनंडोआ खोऱ्यामार्गे दक्षिणेला उतरलेलं असेल, तर ते बहुधा थेट स्कॉटलंडचं नाही, आयर्लंडमधल्या अल्स्टरहून आलेलं आहे. मग शोधाची दिशाच बदलते. डीएनए चाचणी मदत करते, पण सात-आठ पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या पूर्वजाचा अंशही आपल्यात उरलेला नसू शकतो. थेट पुरुषवंश असेल तर बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय-क्रोमोसोमची चाचणी जास्त उपयोगी.

तर आता व्याह्यांना फोन कराल तेव्हा जहाजाचं विचारू नका. त्यांना माहीत असलेला सर्वांत जुना माणूस कोणत्या कौंटीत मेला, कुठल्या चर्चच्या आवारात पुरला आणि दगडावर काय कोरलंय, हे विचारा. आमच्या भागातल्या जुन्या थडग्यांवर पुष्कळदा मूळ बेटाचं किंवा परगण्याचं नाव असतं. दगडाचा फोटो मागवा, सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला, म्हणजे झिजलेली अक्षरंही वाचता येतात. कौंटी कळली की मला सांगा. तिचं दप्तर शाबूत आहे की जळालं, तिथून पुढचं ठरवू.