न हरलेल्यांच्या गावी: प्रेस्टन

मँचेस्टरहून लोकलने इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या प्रेस्टनला उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. छत्री उघडली आणि इथल्या फुटबॉल क्लबच्या डीपडेल या मैदानापर्यंत चालतच निघालो. एकमेकांना खेटून उभी लाल विटांची घरं पाहून गिरणगाव आठवलं. अमेरिकेतल्या यादवीत कापूस आटला तेव्हा लँकेशरच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसावर तगल्या होत्या, म्हणजे नातं जुनंच.

इथल्या फुटबॉलचं मूळही गिरणीतच आहे. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला सुटू लागल्या. मोकळ्या दुपारी माणसं मैदानाकडे वळली.

८ सप्टेंबर १८८८, शनिवार. बारा संघांची जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली आणि याच डीपडेलवर प्रेस्टन नॉर्थ एंड या इथल्या क्लबने बर्नलीला ५-२ असं लोळवलं. गोलाला जाळी नाही, पेनल्टी नाही. गंमत म्हणजे गुण कसे मोजायचे, हेसुद्धा हंगाम अर्धा सरल्यावर ठरलं! आमच्या गल्लीतले नियम निदान टॉसच्या आधी ठरायचे.

त्या हंगामात प्रेस्टनचे २२ सामने, १८ विजय, ४ बरोबरी. हार एकही नाही. दुसऱ्या आलेल्या ॲस्टन व्हिलापेक्षा ११ गुण जास्त. वर एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकली, तोही स्पर्धेत एकही गोल न खाता.

या सगळ्यामागे क्लबचा कारभार पाहणारा विल्यम सडेल, एका गिरणीचा मॅनेजर. स्कॉटलंडहून पटाईत खेळाडू आणायचे आणि त्यांना पैसे द्यायचे, हा त्याचा खाक्या. तेव्हा ते नियमाबाहेर होतं. १८८४ मध्ये तक्रार झाल्यावर गडी सरळ म्हणाला, हो, देतो पैसे. संघ कपमधून बाहेर गेला, पण पुढच्याच वर्षी पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं. नंतर गिरणीच्या पैशांची अफरातफर उघडकीला आली आणि १८९५ मध्ये सडेल तुरुंगात गेला. मला हा माणूस त्या अजिंक्य संघापेक्षा जास्त रंजक वाटतो.

स्टेडियमला वळसा घातला. इथला जुना नामवंत खेळाडू टॉम फिनीचं पाणी उडवत घसरणारं शिल्प देखणं आहे. एका स्टँडचं नाव 'इन्व्हिन्सिबल्स पॅव्हेलियन', म्हणजे त्या अजिंक्य संघाचं. बाकीचे तीन फिनी, शँकली आणि केली या क्लबच्या जुन्या खेळाडूंच्या नावाचे. सडेलच्या नावाचा नाही.

भूक लागली होती. इथली 'बटर पाय' (pie) म्हणजे भाजलेल्या पारीत बटाटा, कांदा, लोणी आणि मिरपूड. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिकांचा हा पदार्थ माझ्यासारख्या शाकाहाऱ्याच्या पथ्यावरच पडला. दोन खाल्ल्या.