त्या शुक्रवारी कॅप्टनला लहान स्क्रीन मिळाली

घोडबंदर रोडवरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी ड्युटी मॅनेजर आहे. 14 फेब्रुवारी 2025 ला आमच्याकडे दोन मोठे सिनेमे एकदम लागले, 'छावा' आणि मार्व्हलच्या सुपरहिरोंपैकी 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'. सकाळपासून लॉबीत भगवे फेटे दिसत होते. दुपारी वरून निरोप आला, 'छावा'चे शो वाढवा. मग कॅप्टनची मोठी स्क्रीन गेली आणि त्याला कोपऱ्यातल्या लहान स्क्रीनवर हलवलं.

मनाला लागलं. 2019 च्या एप्रिलमध्ये मार्व्हलचाच 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' लागला तेव्हा मी तिकीट खिडकीवर होते. तीन तासांचा सिनेमा, तरी पहाटेचे शो भरलेले. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला आणि कॉलेजची पोरं हमसून रडत बाहेर आली. 2008 च्या पहिल्या 'आयर्न मॅन'मध्ये हा माणूस शस्त्रं विकत होता, स्वतःपलीकडे त्याला काही दिसत नव्हतं. तोच अकरा वर्षांनी सगळ्यांसाठी जीव देतो. ती पोरं त्याच्याबरोबर मोठी झाली होती, म्हणून रडली.

संध्याकाळी कॅप्टनच्या इंटर्व्हलला एक गृहस्थ पॉपकॉर्नच्या काउंटरवर आले. बरोबर अकरावीतला मुलगा.

"मॅडम, ते म्हातारे गृहस्थ कोण हो? त्यांना पकडल्यावर हा सॅम एवढा का हलला?"

सॅम म्हणजे या सिनेमातला नवा कॅप्टन अमेरिका. मी सांगायला लागले. ते आयझाया ब्रॅडली. कृष्णवर्णीय सैनिक. सरकारने गुपचूप त्यांच्यावर अचाट ताकद देणाऱ्या औषधाचे प्रयोग केले, तीस वर्षं तुरुंगात डांबलं, नाव पुसून टाकलं. हे कळल्यावर सॅमला प्रश्न पडतो, आपल्यासारख्या कृष्णवर्णीयाने कॅप्टन अमेरिकाची ही ढाल हातात घ्यावी का? त्या प्रश्नातून तो कॅप्टन होतो.

"पण हे सिनेमात कुठे आहे?"

नव्हतंच. ते सगळं 2021 च्या 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' या सहा भागांच्या मालिकेत होतं, मोबाइलवर नाहीतर घरच्या टीव्हीवर. सॅमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वळण थिएटरमध्ये आलंच नाही. शिवाय खलनायक 2008 च्या 'द इन्क्रेडिबल हल्क'मधला, समुद्रात उभा असलेला तो महाकाय पुतळ्यासारखा देह 2021 च्या 'इटर्नल्स'मधला. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मला मात्र वाईट वाटत होतं. तिकिटाचे पैसे देऊन आलेल्या माणसाला मी काउंटरवर उभं करून अर्धी गोष्ट सांगत होते.

लोक सुपरहिरोंना कंटाळले, असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. शेजारच्या स्क्रीनवर, संगमेश्वरनंतर काय झालं हे शाळेपासून माहीत असलेली माणसं डोळे पुसत बाहेर पडत होती. महाराजांना सुपरहिरोंच्या रांगेत मी बसवणार नाही, मी फक्त प्रेक्षकांबद्दल बोलतेय. शेवट माहीत असल्याने माणूस कंटाळत नाही. कंटाळतो तो पात्राने एकदा कमावलेलं पुन्हा घालवलं की. मार्व्हलचाच दुसरा नायक थॉर 2011 मध्ये उद्धटपणा सोडायला शिकला, 'एंडगेम'मध्ये दुःखाने पार खचलेला दिसला, आणि 2022 मध्ये पुन्हा विनोद करत पहिल्यापासून सुरू. 2021 आणि 2022 मिळून मार्व्हलचे सात सिनेमे आले, वर मालिकांची रांग. इतक्या घाईत कोणतं पात्र वाढणार? पुढे मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच संख्या कमी करू असं जाहीर केलं.

शो सुटताना सफाईच्या मावश्या पिशव्या घेऊन दारात थांबल्या. मार्व्हलचा सिनेमा म्हटलं की नावांनंतरही एक प्रसंग असतो, तो संपेपर्यंत आत जायचं नाही, हे त्यांना पाठ आहे. पण आत मोजकीच माणसं उरली होती. त्यात ते बापलेक होते.

मुलगा म्हणाला, "हॉस्पिटलमध्ये सॅम त्याच्या मित्राला, बकीला विचारतो ना, मीपण ते औषध घ्यायला हवं होतं का, तेवढं भारी होतं. तिथे तो खरा वाटला."

मीही त्या प्रसंगाला हॉलच्या मागच्या दाराशी उभी राहिले होते. मारामारी नाही, दोन मित्र बोलतायत, आणि सॅम आपली भीती कबूल करतो. असं आणखी हवं होतं.

वडिलांनी विचारलं, पुढचा कधी? म्हटलं, 'थंडरबोल्ट्स', एक मेला.

"त्याच्यासाठी आधी काय बघू?"

मी खरं तेच सांगितलं, तीच सहा भागांची मालिका, त्यात सॅमच्या आधी कॅप्टन झालेला जॉन वॉकर यात आहे. मुलाने लगेच मोबाइल काढून नाव लिहून घेतलं.