ट्यूब गेली नव्हती

जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर सुरुवात झाली. माझा १७ इंची सीआरटी (जुना, काचेच्या पिक्चर ट्यूबचा) मॉनिटर थंडा असताना चालू केला की अक्षरं फुगलेली, टीपकागदावर शाई सांडावी तशी. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप नीट. मधूनच ‘टिक्’ असा आवाज यायचा, चित्र क्षणभर पुसट होऊन परत जागेवर. ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकनं फोनवरच निकाल लावला: “ट्यूब गेली, साहेब. भंगारात द्या.”

पटेना. थकलेल्या ट्यूबचं चित्र मंद असतं. इथे उजेड भरपूर. लाल, हिरवा, निळा तिन्ही एकदमच पुसट होत होते, म्हणजे एखाद्या रंगाची कॅथोड (ट्यूबमधलं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) नाही. उभ्या आणि आडव्या रेषा सारख्याच फुगत होत्या. केबल किंवा व्हिडिओचा भाग बिघडला असता तर फक्त उभ्या रेषांना शेपूट फुटलं असतं. उरला फोकस, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत बारीक करणारा व्होल्टेज.

इथे मी शहाणपणा केला. थंड असतानाच ईएचटीवरचा (उच्च व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फोकस पॉट, म्हणजे जुळवणीचा खुंटा, फिरवला, चित्र सुरेख झालं, झाकण लावलं, चहा घेतला. परत येऊन बघतो तर मॉनिटर तापलेला आणि चित्र पुन्हा पुसट, फक्त या वेळी उलट्या कारणानं. पॉट मुकाट्यानं जुन्या खुणेवर आणला. (खूण केली होती, एवढंच काय ते शहाणपण.)

या मापाच्या रंगीत ट्यूबला अॅनोडवर (झोताला पडद्याकडे खेचणाऱ्या टोकावर) साधारण २५ हजार व्होल्ट लागतात, फोकसला त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. साधा मल्टिमीटर इथे चालत नाही. मित्राकडून १००० मेगओहमचा हाय व्होल्टेज प्रोब आणला. फोकसचा पुरवठा इतका नाजूक असतो की प्रोब लावला तरी तो थोडा खाली बसतो, म्हणून आकड्यापेक्षा आकडा हलतो कसा ते बघायचं. थंडा मॉनिटर: ५.१ केव्ही (हजार व्होल्ट), मग हळूहळू चढत ६.३. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राइटनेस तळाशी नेऊन फोकसची तार सॉकेटमधून (ट्यूबच्या मानेवर बसतं त्या) काढून मोकळी मोजली. पहिल्या मिनिटापासून ६.३ ला ठाम. म्हणजे ईएचटी निर्दोष, गळती सॉकेटमध्ये. ईएचटी शोधत फिरायचं वाचलं, कारण या मॉडेलचा आता मिळतच नाही.

खात्री म्हणून तिसऱ्या दिवशी प्लग काढून सॉकेटभोवती दहा मिनिटं हेअर ड्रायर फिरवला. चालू केला तर पहिल्या क्षणापासून अक्षरं धारदार! पावसाळी दमट हवाच होती ती.

मग सॉकेट काढलं. त्याआधी अॅनोडची टोपी डिस्चार्ज केली: स्क्रू ड्रायव्हरला जाड तार, तिचं दुसरं टोक ट्यूबच्या मागच्या अर्थ वेणीला (अर्थिंगच्या विणलेल्या तारेला), आणि एक हात खिशात. थोडं थांबून पुन्हा एकदा, कारण काचेत चार्ज परत जमतो. सॉकेटच्या फोकसच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. तांब्यावरचा गंज. स्पार्क गॅपही (जादा व्होल्टेज ठिणगीनं उडवून लावणारी फटही) त्यानेच भरलेला, ‘टिक्’चा उगम तोच असावा. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन बघितलं, दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी रडगाणं चालू.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, टीव्हीची सॉकेट्स ढिगानं, मॉनिटरचं मिळेना. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी जुनं काढून आणा म्हटलं, ते हातात घेऊन पिना मोजल्या आणि खोक्याच्या तळातून एक काढलं. २९ मिमी मानेचं, फोकसची पिन त्याच जागी. बोर्डावर बसवताना एकच पथ्य: व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन मुळीच लावायचं नाही, त्याचं आम्ल तांबं खातं.

आज नववा दिवस. बाहेर धो-धो पाऊस, आणि थंड्यापासूनच चित्र खणखणीत. डावीकडचा खालचा कोपरा मात्र अजून किंचित मऊ आहे. तो पूर्वीपासून तसा होता की आता बाकी चित्र धारदार झाल्यामुळे डोळ्यात भरतोय, हे पुढच्या रविवारी पडद्यावर रेषांची ग्रिड लावून बघतो.