काचेवरचे पांढरे धागे

पहाटे दूध घ्यायला उठले, हॉलमधला दिवा लावला आणि माशांच्या टाकीच्या पुढच्या काचेवर पांढरे धागे दिसले. शिवणाचा दोरा सेंटिमीटर-सेंटिमीटरवर कापून कुणी चिकटवावा तसे. जवळ जाऊन पाहिलं तर वळवळत होते. पंधरा-वीस तरी असतील. दोन-तीन तर पाण्यात मधोमध वेटोळे घेत पोहत होते.

डोंबिवलीच्या आमच्या घरात ही दोन फुटी टाकी दोन वर्षांपासून आहे. पाणी पन्नासेक लिटर, त्यात गप्पी मासे, चेरी श्रिंप म्हणजे छोट्या कोळंब्या, दोन नेराइट गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची लांब पाती. असलं काही कधी दिसलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "टाकीला जंत झाले की काय गं?" आणि लेकाला पाण्यात हात घालायची बंदी झाली.

मी फोटो काढून दुकानात दाखवला. दुकानदाराने दोन सेकंद पाहिला असेल. "प्लॅनेरिया आहे ताई. सगळं काढा, धुवा, नव्याने लावा." प्लॅनेरिया म्हणजे पाण्यात राहणारा एक चपटा कृमी. मी तसंच केलं. खडी नळाखाली चोळून धुतली, फिल्टरचा स्पंजही पिळून पिळून स्वच्छ केला. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, गप्पी वर येऊन तोंडं उघडू लागले. टेस्ट किटमध्ये अमोनियाचा रंग पिवळ्याऐवजी हिरवा आला. दोन माद्या गेल्या. त्यातली एक पोटुशी होती, ते अजून मनाला लागतं. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजमध्ये आणि खडीवर राहतात आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आणि एवढं करून तीन आठवड्यांत धागे परत हजर.

तेव्हा ठरवलं, हे कोण आहेत ते कळेपर्यंत टाकीत औषधाचा थेंब पडणार नाही. घरात फेनबेंडाझोल हे कृमी मारायचं औषध आणून ठेवलं होतं. त्याने प्लॅनेरिया मरतात हे खरं, पण नेराइट गोगलगायींनाही त्याचा धोका असतो. ओळख पटल्याशिवाय ते घालणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं.

पहिल्यांदा मासे तपासले. गप्पींना कॅमॅलॅनस नावाचा कृमी होतो, त्याची लाल टोकं माशाच्या गुदद्वारातून केसासारखी बाहेर डोकावतात. भिंग घेऊन एकेक गप्पी पाहिला, तसं काही नव्हतं. जळूही नव्हती, कारण जळवेला दोन्ही टोकांना चोषक असतात आणि ती एक टोक टेकवत, दुसरं ओढत चालते.

मग ड्रॉपरने चार धागे उचलून गडद निळ्या बशीत घेतले. बशीच्या तळाशी ते लांब व्हायचे, आखडायचे, पुन्हा लांब व्हायचे. मोबाइलवर भिंग धरून फोटो घेतला आणि छातीत धस्स झालं. एकाच्या डोक्यावर दोन काळे ठिपके होते. डोळे! प्लॅनेरियाची सगळ्यात प्रसिद्ध खूण तीच. म्हणजे दुकानदार बरोबर होता?

माझी भाची झूलॉजी घेऊन बीएस्सी करते. तिला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, "मावशी, फोटो नको, व्हिडिओ पाठव. चालतो कसा ते बघायचंय." हे एक वाक्य मला आधी कुणी म्हणालं असतं तर त्या दोन माद्या वाचल्या असत्या.

तिने सांगितलेला फरक असा. प्लॅनेरिया चपटा असतो, डोकं बाणाच्या टोकासारखं त्रिकोणी, आणि तो काचेवरून तेल ओघळावं तसा सरकतो. अंगाखाली केसल म्हणजे सतत हलणारे अतिसूक्ष्म तंतू असतात, त्यांच्यावर तो पुढे जातो, त्यामुळे अंगाला लाट दिसत नाही. गोल अंगाचा, टोकदार, सतत चाबकासारखा वळवळणारा पण लांबी न बदलणारा असेल तर सूत्रकृमी. आणि जो लांबतो-आखडतो तो गांडुळाच्या गोतावळ्यातला. त्या गोतावळ्यातल्या काही पाणकृमींनाही डोळ्यांचे ठिपके असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर जायचं नाही.

तरी मनाची खात्री होईना. रात्री औषधाच्या रिकाम्या बाटलीला भोक पाडून त्यात कोंबडीचा छोटा तुकडा घातला आणि ती खडीवर ठेवली. प्लॅनेरिया मांसावर धावतात. सकाळी बाटलीत दोन श्रिंप निघाले, प्लॅनेरिया एकही नाही.

रविवारी भाची तिचा छोटा मायक्रोस्कोप घेऊन आली. काचपट्टीवर थेंब ठेवला आणि आम्ही आळीपाळीने डोळा लावला. अंग काचेसारखं पारदर्शक. आत तपकिरी आतडं, त्यात गाळाचे कण पुढे सरकताना दिसत होते. अंगाला वळ्या, आणि प्रत्येक वळीवर केसांचे बारीक झुपके. प्लॅनेरियाला असे केस नसतात, तिथेच प्रश्न मिटला. पण भाचीने पट्टी जरा सरकवली आणि म्हणाली, "मावशी, मध्ये बघ." अंगाच्या मध्यावर कंबर काढल्यासारखी खाच होती आणि खाचेच्या मागे आणखी दोन काळे ठिपके. दुसरं डोकं तयार होत होतं. हे कृमी असे मधूनच विभागून एकाचे दोन होतात. लेक स्टुलावरून उतरायलाच तयार नव्हता. सासूबाईंनीही चष्मा काढून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे जंत नाहीतच." नाहीतच. माणसाच्या पोटात त्यांचं काही काम नाही, ते गाळ खाऊन जगतात.

पण गाळातले कृमी काचेवर का चढले? भाचीने विचारलं, रात्री फिल्टर चालू असतो का. नव्हता. टाकी सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे, मोटरच्या घरघरीने त्यांची झोप मोडायची म्हणून महिनाभर मी रात्री बटण बंद करत होते. अंधारात वनस्पतीही प्राणवायूच घेतात, त्यामुळे पहाटेपर्यंत तळाचा प्राणवायू संपत येतो आणि कृमी वर येतात. शिवाय दाणे मी सकाळी घालत होते, आणि "बिचारे भुकेले दिसतात" म्हणून दुपारी सासूबाईही. उरलेलं सगळं खडीत कुजत होतं.

मोटरखाली जाड रबराचा तुकडा ठेवला, आवाज निम्म्यावर आला, फिल्टर आता रात्रभर चालतो. दाणे एकदाच, दोन मिनिटांत संपतील एवढे, आणि ते सासूबाईंनीच घालायचे असं ठरलं. दर रविवारी सायफनने खडीतला गाळ ओढत चौथा हिस्सा पाणी बदलते. नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवून मगच ते टाकीत ओतते. स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळते.

महिन्याभरात काच मोकळी झाली. खडी उकरली की एखादा धागा अजून वर उसळतो. परवा तसा एक उसळला, पण खाली पोचायच्या आत एका गप्पीने तो पकडला होता.