शेवटून पहिला, मग पहिला?

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, मोसम जवळ आला की मी आधी शोधतो ते गेल्या वर्षी आपापल्या डिव्हिजनमध्ये (चार संघांचा एक गट, असे आठ) शेवटून पहिले आलेले आठ संघ. पैसे लावत नाही, सट्ट्याचे भाव वाचायचा नाद आहे एवढंच.

समजा अशा संघाचा डिव्हिजन जिंकण्याचा भाव +800 आहे. 100 डॉलरवर 800 नफा, म्हणजे भावानुसार जिंकण्याची शक्यता नऊत एक, साधारण 11 टक्के. हा आकडाही फुगवलेला. चारही संघांच्या भावांतले टक्के जोडले तर बेरीज 100च्या पुढे जाते, आणि वरचं ते बुकीचं.

आणि मग ते ठरलेलं वाक्य: ‘दरवर्षी कोणीतरी तळातून वर येतंच.’ बहुतेक वर्षी येतंही! 2017 मध्ये ईगल्स आणि जॅग्वार्स, 2018 मध्ये टेक्सन्स आणि बेअर्स. पण उमेदवार आठ असतात, तुमचा त्यातला एक. ‘शेवटच्याला सोपे सामने मिळतात’ हेही अर्धंच खरं. गेल्या वर्षीच्या क्रमांकावरून ठरतात ते 17 पैकी फक्त तीन सामने.

माझ्या मते खरी मेख वरच्या संघात असते. वॉशिंग्टनचंच बघा. 2019 मध्ये 3-13 (तीन विजय, तेरा पराभव), तळाला. 2020 मध्ये 7-9, म्हणजे जिंकले त्याहून जास्त हरले, तरी डिव्हिजन त्यांची, कारण उरलेले तिघे त्याहून रडके. पुढे 2023 मध्ये पुन्हा 4-13. 2024 मध्ये जेडन डॅनियल्स हा नवा क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू) आला आणि थेट 12-5, कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या अर्ध्या भागाच्या, अंतिम सामन्यापर्यंत धडक. डिव्हिजनवर लावलेले पैसे मात्र बुडाले, कारण ईगल्स 14-3. त्याच वर्षी चार्जर्स 5-12 वरून 11-6 वर गेले, तर वर चीफ्स 15-2. त्या मोसमात तळातल्या आठांपैकी एकही पहिला आला नाही.

2021 चे बेंगल्स याच्या उलट, तेही आदल्या वर्षी तळाला होते. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो गुडघ्याच्या दुखापतीतून परततोय हे सगळ्यांना दिसत होतं, भावातही ते धरलेलं असणारच. पण त्याच डिव्हिजनमधले रेवन्स 8-3 वर असताना पुढे शेवटचे सहाही सामने हरले, त्यातच त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन डिसेंबरात जायबंदी झाला, आणि 10-7 वाले बेंगल्स पहिले आले. ते उन्हाळ्यातल्या कुठल्याच भावात नव्हतं.