रोबोटिक प्रोस्टेट ऑपरेशन : मी कसं ठरवलं आणि पैसे कसे भरले

प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल आपल्याकडे पुरुष बोलत नाहीत, लघवीचा विषय काढायचीच लाज वाटते, म्हणून मी सगळं उघड लिहितोय. वय ६६, राहायला मुलुंड, प्रायव्हेट कंपनीतून रिटायर झालोय. मला मुख्य सांगायचंय ते निवडीचं आणि पैशाचं, कारण कुठला उपचार घेताय त्यावर पॉलिसी किती पैसे देणार हे ठरतं, आणि ते ॲडमिट व्हायच्या आधी कळलं तरच त्याचा उपयोग.

रात्री लघवीला सारखं उठायला लागायचं, धार बारीक झालेली. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, केली तर ११.४. चारच्या वर गेली म्हणजे कॅन्सरच असं नाही, वयाप्रमाणे प्रोस्टेट वाढली असेल किंवा इन्फेक्शन असेल तरी वाढते, म्हणून आधी एमआरआय, त्यात पायरॅड्स ५ आला (कॅन्सरचा संशय किती याचा एक ते पाच आकडा, पाच सगळ्यात जास्त) आणि मग बायोप्सी. रिपोर्टमध्ये ग्लिसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे तो ग्रेड, ४+३=७, तेही दोन्ही बाजूंना. हा आकडा नीट समजून घ्या, ३+४ पण सात आणि ४+३ पण सात, पण पुढे ४ असला म्हणजे जास्त जोरात वाढणाऱ्या पेशींचं प्रमाण जास्त, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर फिरतात. नंतर पीएसएमए पेट स्कॅन केला, प्रोस्टेटचा कॅन्सर अंगात आणखी कुठे आहे का ते शोधणारा, बाहेर कुठे पसरलेलं दिसलं नाही. परळला टाटामध्ये बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड देऊन पुन्हा तपासून घेतलं, ग्रेड तोच राहिला. काही लाख खर्च करण्याआधी हे करावंच असं माझं ठाम मत आहे.

कॅन्सर म्हटल्यावर घरात सगळे म्हणायला लागले की उद्याच्या उद्या ॲडमिट व्हा, मेव्हणे तर गाडी काढायला तयार. पण युरोलॉजिस्ट म्हणाले, काका, हा कॅन्सर बहुतेक वेळा सावकाश वाढतो, शिवाय बायोप्सीची सूज उतरायला सहा ते आठ आठवडे जायला लागतात, तेवढा वेळ विचार करायला वापरा. इंग्लंडमधल्या प्रोटेक्ट नावाच्या मोठ्या अभ्यासाचं त्यांनी सांगितलं, त्याचे १५ वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले, त्यात नुसतं लक्ष ठेवलेले, ऑपरेशन केलेले आणि रेडिएशन घेतलेले अशा तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले लोक ३ टक्क्यांच्या आसपासच होते. त्यातले बरेचसे माझ्यापेक्षा कमी जोखमीचे होते त्यामुळे मला नुसतं लक्ष ठेवून चालणार नव्हतं हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण त्या आकड्याने घरातली घबराट थांबली, ही त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट जेवली.

मग पर्याय. हायफू म्हणून एक आहे, अल्ट्रासाऊंडच्या उष्णतेने गाठ जाळतात, कापाकापी नाही, ऐकायला फार बरं वाटतं, पण माझं दोन्ही बाजूंना असल्यामुळे एकच भाग जाळून भागत नव्हतं. रेडिएशनवाल्या डॉक्टरांना मी वेगळा भेटलो आणि हे प्रत्येकाने करावं, कारण सर्जन ऑपरेशनच्या बाजूने बोलणार हे साहजिक आहे. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं, आता पाच सिटिंगमध्ये होणारं रेडिएशनही असतं, पण माझ्या ग्रेडला त्याबरोबर काही महिने हॉर्मोनची इंजेक्शनं लागतील, आणि मला आधीच लघवीला अडतंय, ते सुरुवातीला आणखी वाढू शकतं. शिवाय ऑपरेशननंतर गरज पडली तर रेडिएशन देता येतं, उलट क्रमाने ऑपरेशन फार अवघड होतं. तिथे माझं मन ऑपरेशनकडे, म्हणजे प्रोस्टेट काढून टाकण्याकडे, झुकलं.

ओपन (पोट उघडून), लॅपरोस्कोपिक (दुर्बिणीने) की रोबोटिक यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलं. रोबोट स्वतः काही करत नाही, सर्जन कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो, पोटावर पाच-सहा छोटी भोकं, रक्त कमी जातं, घरी लवकर सोडतात. पण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ओपन आणि रोबोटिकची थेट तुलना झालेली आहे, दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्हीकडे साधारण सारखीच होती. म्हणजे मशीनपेक्षा हात कोणाचा हे महत्त्वाचं. म्हणून मी ज्या ज्या सर्जनला भेटलो त्यांना तोंडावर विचारलं, तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत, तुमच्या पेशंटपैकी वर्षभराने किती जणांना पॅड लागतं, लैंगिक क्षमतेच्या नसा वाचवणार का. एकाने विषय बदलला. ज्यांनी सरळ उत्तर दिलं आणि एका बाजूची नस कदाचित वाचणार नाही असं आधीच सांगितलं त्यांच्याकडे मी ऑपरेशन केलं, आणि ते बरीच वर्षं रोबोटवरच करतात म्हणून रोबोटिक.

आता पैसे. माझी पाच लाखांची पॉलिसी आणि वर दहा लाखांचा टॉप-अप, म्हणजे जोडीची जादा पॉलिसी, त्यामुळे मुलाला वाटलं प्रश्नच नाही. २०१९ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, बारा आधुनिक उपचारांची यादी दिली, त्यात रोबोटिक सर्जरी, हायफू, स्टिरिओटॅक्टिक (नेम धरून थोड्या सिटिंगमध्ये दिलेलं) रेडिएशन हे सगळं आहे, म्हणजे कंपनीला हे पॉलिसीतून वगळता येत नाही, पण सबलिमिट, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमी मर्यादा, लावता येते. माझ्या पॉलिसीत बारीक अक्षरात रोबोटिकला सम इन्शुअर्डच्या (विम्याच्या एकूण रकमेच्या) ५० टक्के, म्हणजे अडीच लाख. हॉस्पिटलचं इस्टिमेट ट्विन शेअरिंगमध्ये (दोन पेशंटच्या रूममध्ये) चार लाख ऐंशी हजार. टॉप-अप पाच लाखांच्या वर बिल गेलं तरच सुरू होतो, त्यामुळे तो कामाचा नाही. मी कंपनीला मेल टाकून लेखी विचारलं की ही मर्यादा फक्त रोबोटच्या चार्जेसना आहे का अख्ख्या ॲडमिशनला, उत्तर आलं अख्ख्या. फोनवरच्या माणसाने आधी उलट सांगितलं होतं, म्हणून हे मेलवरच घ्या.

म्हणजे जवळजवळ सव्वादोन ते अडीच लाख घरचे. त्याच हॉस्पिटलात लॅपरोस्कोपिक केलं असतं तर बराचसा खर्च पॉलिसीतून निघाला असता. दोन रात्री आम्ही चौघं यावर बोललो, मुलगा म्हणाला बाबा तुम्ही पैशाकडे बघू नका, मुलीने मात्र कागद-पेन घेऊन हिशेब मांडला आणि मला तेच जास्त धीराचं वाटलं. शेवटी एक एफडी मोडली.

रूमचं लक्षात ठेवा. मुंबईत बहुतेक खाजगी हॉस्पिटलात रूमच्या क्लासप्रमाणे सर्जनची फी, ओटी चार्ज सगळंच वाढतं, आणि पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा असेल आणि तुम्ही दुप्पट भाड्याची रूम घेतली तर नुसता रूमचा फरक नाही, फी आणि ओटीचे पैसेही त्याच प्रमाणात कापतात. पाहुण्यांना बसायला जागा हवी म्हणून सिंगल रूम घेऊ नका. रोकड घेऊन जायचं असेल तर एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त कॅश हॉस्पिटल घेऊ शकत नाही, आयकराचा नियम आहे. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या पॉलिसीत ठराविक दिवस मागे जाऊन मिळतात, माझ्या पॉलिसीत ६०, पण बायोप्सीनंतर थांबायलाच लागतं त्यामुळे एमआरआय त्या मुदतीबाहेर गेला, पेट स्कॅन मिळाला.

ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी महात्मा फुले योजनेचं आधी विचारा, आणि ७० च्या पुढे असाल तर आयुष्मान कार्डावर उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे. कोणत्या हॉस्पिटलात कुठलं ऑपरेशन त्यात बसतं हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारायचं. भाचा सीए आहे, तो म्हणाला जुन्या टॅक्स रिजीममध्ये ८०डीडीबीखाली सीनियर सिटिझनना कॅन्सरच्या खर्चावर एक लाखापर्यंत वजावट असते, पण विम्याचे मिळालेले पैसे त्यातून वजा होतात, त्यामुळे मला काही मिळालं नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डिस्चार्जच्या दिवशी मात्र फायनल अप्रूव्हल येईना, टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या) खिडकीवर एकच उत्तर, क्वेरी आलीय. २०२४ पासून नियम आहे की डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. मुलीने हे शांतपणे बोलून दाखवलं आणि मेलही केला, त्यानंतर काम हललं.

कॅथेटर घेऊन घरी आलो, दहा दिवसांच्या आत काढला. त्यानंतरचे आठवडे कोणी आधी नीट सांगत नाही. खोकला आला, खुर्चीतून उठलो की लघवी गळायची, मी बाहेर जाणंच बंद केलं होतं. केगलचे, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळायचे, व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून शिकून घ्या, फिजिओथेरपिस्टकडून, मनाने नाही. आता दिवसाला एक पातळ पॅड पुरतं, मी लोकलने दादरला जाऊन येतो. संबंधांच्या बाबतीत अजून काही जमत नाही, डॉक्टर म्हणतात नसा सावरायला वर्ष-दीड वर्षही लागतं, गोळी चालू आहे. हे हिच्याशी बोलायला सुरुवातीला जड गेलं, पण ऑपरेशन ठरवतानाच तिला डॉक्टरांसमोर बसवलं होतं ते बरं झालं, तिला सगळं आधीपासून माहीत होतं.

पहिली पीएसए ०.१ च्या खाली आली. पुढची तीन महिन्यांनी. नंतरच्या बिलांची फाईल कंपनीला दिलीय, त्यात फिजिओचं बिल आहे आणि पॅडची पावतीही जोडलीय, नॉन-मेडिकल म्हणून ती कापतील बहुधा, पण जोडलीय.